‘हातचा एक’ येतो कोठून?

६१८ ला ६ ने भागावयास सांगितले, तर चौथी-पाचवीच्या वर्गातील बरीच मुले १३ हे उत्तर लिहून मोकळी होतात. सहाचा पाढा त्यांना खडाखडा येतो. सहा एके सहा. पुढच्या एकाला भाग जात नाही म्हणून आठ खाली घेतले. सहा त्रिक अठरा. रीत पाठ आहे, हातही सराईत आहे, फक्त मधले शून्य लिहायचे राहिले. शिक्षक किंवा पालक याला ‘धांदरटपणा’ म्हणतात आणि त्याच नमुन्याची आणखी वीस उदाहरणे घालतात. वस्तुतः ही चूक धांदरटपणाची नाही. सहाशे अठरा रुपये सहा जणांत वाटले, तर प्रत्येकाला शंभराची एक नोट मिळणारच. मग उत्तर तेरा कसे येईल, हा प्रश्नच त्या मुलाला पडलेला नसतो. वहीतले ६१८ आणि खिशातले सहाशे अठरा या त्याच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू असतात. एक शाळेतली, दुसरी बाजारातली.

गणित समजून शिकणे म्हणजे हे दोन्ही आकडे एकच आहेत, हे मुलाला उमगणे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने गणित शिक्षणाचा हेतू मुलाच्या विचारप्रक्रियेचे ‘गणितीकरण’ असा सांगितला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मूल भीती आणि दडपण यांपासून मुक्त असावे, असे म्हटले. २०२१ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत संख्याज्ञान यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठण्याचे ठरविले. दस्तऐवजांची उणीव नाही. वर्गात हे कसे घडावे आणि घडत असताना कोठे बिघडते, हे पाहण्यासाठी मात्र सातारा आणि सांगली या शेजारच्या दोन जिल्ह्यांचा मुलूख पुरेसा आहे.

त्याआधी पाठांतराला न्याय द्यायला हवा. जुन्या पंतोजींच्या शाळेत मुलांकडून उजळणी घोकून घेतली जाई आणि तीत केवळ दोन ते तीसपर्यंतचे पाढे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीही होती. आजच्या डोळ्यांना हा छळ वाटतो. पण त्या काळी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर आणि शेराच्या सोळा छटाका होत्या. सव्वा रुपया शेर या भावाने बारा शेरांचे किती, हे पेठेतल्या गुमास्त्याला बोलता बोलता सांगावे लागे. सवायकी पाठ असलेला मुलगा ‘पंधरा’ म्हणून मोकळा होई. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढच्या वर्षापासून किलोग्रॅम-मीटर येऊ लागले आणि या पाढ्यांचे व्यवहारातले काम हळूहळू संपले. व्यवहार गेला, घोकण्याची सवय तेवढी शिल्लक राहिली. जुने पाठांतर बाजाराशी बांधलेले होते. आजचे बहुतांशी प्रश्नपत्रिकेशी बांधलेले आहे.

मराठी मुलाच्या वाट्याला एक जादा अडचण येते, ती भाषेची. ‘बावन्न’ हा शब्द ऐकताना आधी दोन ऐकू येतात, मग पन्नास; लिहिताना मात्र आधी पाच लिहायचे आणि मग दोन. कानाने ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल २५ लिहिते आणि मार खाते. एकोणतीस, एकोणचाळीस यांची तऱ्हा त्याहून न्यारी. एकोणतीसमध्ये ना वीस ऐकू येतात, ना नऊ. ऐकू येतो तो तीस, ज्यातून एक उणा करायचा आहे. नियम म्हणावा, तर नव्व्याण्णवला तो लागू नाही. त्यामुळे शंभरपर्यंतची बहुतेक संख्यानामे मुलाला एकेक करून लक्षात ठेवावी लागतात आणि आकड्यांचा ‘अर्थ’ शोधण्याआधीच आकड्यांची ‘नावे’ त्याची शक्ती खाऊन टाकतात.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकाने नेहमीच्या नावांबरोबर ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची दुसरी पद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ उठला, हे अनेकांच्या स्मरणात असेल. विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत टिंगल झाली, मराठी भाषा बुडणार असे भाकीत झाले. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी सांगितले, की जुनी नावे काढलेली नाहीत, जोडाक्षरांनी भरलेली ही नावे लहान मुलांना जड जातात म्हणून सोपी वाट बाजूला ठेवली आहे. ‘गणिताच्या सोप्या वाटा’सारखे पुस्तक लिहिणाऱ्या आणि जुलै २०२३ मध्ये निवर्तलेल्या या विदुषीचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणारे त्या गोंधळात थोडेच निघाले. वाद भाषेच्या अभिमानावर गेला. बावन्नचे २५ लिहिणारे मूल बाजूलाच राहिले.

सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या या तालुक्यात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांच्या जिल्हा परिषद शाळा आहेत. कन्नड शाळेतले मूल बावीसला ‘इप्पत्तेरडु’ म्हणते, म्हणजे वीस-दोन. बावन्नला ‘ऐवत्तेरडु’, म्हणजे पन्नास-दोन. जसे ऐकले तसे लिहिले, की काम झाले. तालुका एक, अभ्यासक्रम एक. पण एका मुलाला भाषा हात देते आणि दुसऱ्याला तिच्याशी झटापट करावी लागते. अर्थात एकक आधी उच्चारणारी मराठी ही एकटी नाही. हिंदी, गुजराती, इतकेच काय जर्मन भाषेतही तोच क्रम आहे आणि तेथे गणिती निर्माण झालेच. नावे बदलण्याची गरज नाही. पहिले काही महिने ‘पाच दशक दोन म्हणजे बावन्न’ असे दोन्ही मुखी यावे, एवढेच पुरते. शिडी चढून झाली, की ती आपोआप बाजूला पडते.

दशक म्हणजे काय, हे मुलाच्या हाताला कळले पाहिजे, या आग्रहातून सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील काम उभे राहिले. बीट म्हणजे शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट. येथील विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने सुमारे चाळीस जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने अध्यापन सुरू झाले. मुले फळ्याकडे तोंड करून रांगेत बसण्याऐवजी गटागटाने जमिनीवर बसली. पुढ्यात काड्या, मणी, खडे, चिंचोके, खेळण्यातल्या नोटा आल्या. शिक्षण विभागाच्या तपासणी यंत्रणेतील अधिकाऱ्याने तपासणीऐवजी शिकवण्यात लक्ष घालणे, हीच मुळात आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट. तत्कालीन शिक्षण सचिव नंदकुमार यांच्या कारकिर्दीत २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक कुमठ्याच्या शाळा पाहायला येऊ लागले.

अशा वर्गात दशक शिकवला जातो तो असा. मुलासमोर सुट्या काड्यांचा ढीग असतो. मोजताना दहा झाल्या, की तो स्वतः त्यांना रबर लावतो आणि गठ्ठा वेगळा ठेवतो. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, म्हणजे बावन्न. आता यातून सदतीस काढायच्या आहेत. तीन गठ्ठे सहज निघतात. सात सुट्या मात्र हाताशी नाहीत, दोनच आहेत. शिक्षक बोलत नाही. मूल थोडा वेळ घुटमळते आणि एका गठ्ठ्याचे रबर काढते. दोनाच्या बारा झाल्या, त्यातून सात गेल्या, पाच उरल्या. गठ्ठा एक उरला. उत्तर पंधरा. वहीत ज्याला ‘हातचा’ म्हणतात तो आकाशातून पडत नाही, तो सुटलेला गठ्ठा असतो, हे या मुलाला पुन्हा सांगावे लागत नाही. बेरजेत उलटे, सुट्या दहा झाल्या, की गठ्ठा बांधला जातो आणि दशकाच्या घरी राहायला जातो. शेकडा म्हणजे दहा गठ्ठ्यांची मोळी. ६१८ मधल्या एकाला सहाने भाग जात नाही म्हणजे काय, तर एक गठ्ठा सहा जणांत गठ्ठा म्हणून वाटता येत नाही. तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला दशकाच्या घरात शून्य. ते शून्य लिहायचे विसरणे मग अवघड होते.

या सगळ्यात महत्त्वाचा क्षण रबर काढण्याचा नाही. त्याआधीच्या घुटमळण्याचा आहे. कुमठ्याच्या अनुकरणात हरवले ते हेच. २०१५ नंतर राज्यभर शाळांच्या फरशा रंगल्या, भिंतींच्या पायथ्याशी मुलांच्या उंचीचे तळफळे आले, शंभरपर्यंतचे चौकोन जमिनीवर उमटले. रंग पाहायला सोपा, छायाचित्रात छान दिसणारा आणि अहवालात नोंदवण्याजोगा. शिक्षकाने गप्प राहणे कोणत्याच अहवालात नोंदवता येत नाही. परिणामी कित्येक ठिकाणी गठ्ठे शिक्षकच बांधून ठेवू लागले, कोणती काडी केव्हा उचलायची हे सांगू लागले आणि मुलांनी काड्या मांडण्याचा क्रमही पाठ केला. साहित्य आले म्हणजे समज आली, असा हिशेब मांडणे चुकीचे आहे. घोकंपट्टी खडूने होते तशी काडीनेही होते. खात्री करून घ्यायची तर उत्तर बरोबर आल्यावरही ‘हे तुला कसे कळले?’ असे विचारावे. बहुतेक घरांत आणि बऱ्याच वर्गांत ‘का’ हा प्रश्न उत्तर चुकल्यावरच विचारला जातो. त्यामुळे मुलाला तो प्रश्न म्हणजे चूक झाल्याची सूचना वाटते आणि ते घाईघाईने उत्तर खोडते.

घरातला आणखी एक घोटाळा आजी-आजोबांच्या मदतीतून होतो. त्यांच्या पिढीची वजाबाकीची रीत निराळी होती. बावन्नमधून सदतीस वजा करताना ‘दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले, पाच राहिले, हातचा एक, तीन आणि एक चार, पाचातून चार गेले, एक’ असे ते म्हणतात. उत्तर तेच, पंधरा. नातवंड शाळेत वरच्या पाचाचे चार करून आलेले असते आणि आजोबा खालच्या तिनाचे चार करतात. दोघांनाही दुसरा चुकीचा वाटतो. दोन्ही रीती बरोबर आहेत. शाळेच्या रीतीत एक गठ्ठा सुटतो. आजोबांच्या रीतीत दोन्ही संख्यांत दहा-दहा मिळवले जातात, वर सुटे दहा आणि खाली एक दशक. आजोबा ५२ आहेत आणि नातू ३७ वर्षांचा आहे असे धरले, तरी दहा वर्षांनी दोघांतले अंतर पंधराच राहील. त्या रीतीमागचे सारे गणित इतकेच. हे सांगितले, तर दोन रीतींचे भांडण मिटते आणि वर मुलाला एक नवी गोष्ट मिळते. सांगितले नाही, तर मूल दोन्ही रीती अर्ध्या-अर्ध्या मिसळते आणि वर पाचाचे चार, खाली तिनाचे चार करून पाच या उत्तरावर पोहोचते.

मग पाढे पाठ करायचे की नाहीत? करायचेच. सात आठे किती, हे प्रत्येक वेळी चिंचोके मांडून शोधावे लागले, तर मोठा गुणाकार करताना मूळ उदाहरण डोक्यातून निसटते. प्रश्न क्रमाचा आहे. चिंचोक्यांच्या सात ओळी, प्रत्येक ओळीत आठ, अशी मांडणी एकदा केली आणि ती बाजूने पाहिली, की आठ सत्ते तेच दिसते. मोजून मांडायच्या गोष्टींची संख्या एका झटक्यात जवळजवळ निम्मी होते. दोन ते नऊपर्यंतच्या पाढ्यांत अशा रीतीने फक्त ३६ गुणाकार उरतात. दोनचा आणि पाचचा पाढा मुलांना लवकर येतो, ते वगळले, तर २१. ‘तीसपर्यंत पाढे’ ऐकून ज्याच्या पोटात गोळा येतो, त्या मुलाला हा एकवीसचा आकडा सांगून पाहावा. त्यातलेही सात आठे अडले, तर सात पंचे पस्तीस आणि सात त्रिक एकवीस मिळून छप्पन्न, अशी वाट हाताशी असते. केवळ घोकलेला पाढा मध्येच विसरला, की पुन्हा ‘सात एके सात’पासून सुरुवात करावी लागते.

अपूर्णांकांपाशी तर मराठी मूल खरे म्हणजे श्रीमंत असते, पण शाळेत त्याला गरीब ठरवले जाते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द त्याच्या घरात रोज वावरतात. सव्वा डझन केळी म्हणजे पंधरा, सव्वाशे म्हणजे एकशे पंचवीस, सव्वा किलो म्हणजे बाराशे पन्नास ग्रॅम. सव्वा म्हणजे ‘कशाचा तरी’ सव्वा, आणि तो ‘कशाचा’ बदलला, की उत्तर बदलते. ही अपूर्णांकातली सर्वांत अवघड कल्पना मूल भाषेतून आधीच शिकून आलेले असते. असे मूल सहावीत तृतीयांश आणि चतुर्थांश यांची बेरीज दोन सप्तमांश करते, कारण तेथे त्याला भाकरी दिसत नाही, दोन मजली आकडे दिसतात. तिघांत वाटलेल्या भाकरीचा तुकडा चौघांत वाटलेल्याहून मोठा, हे त्याला ठाऊक आहे. तृतीयांशात आणखी काही मिळवले आणि आलेले दोन सप्तमांश मूळ तृतीयांशाहूनही लहान निघाले, हे त्याच्या ध्यानात आणून द्यायला भाकरीची आठवण पुरते.

सांगलीच्या परिसरात असे गणित पावलोपावली पडलेले आहे. साधारण चार किलो द्राक्षे सुकली, की एक किलो बेदाणा होतो. तेव्हा द्राक्षाला तीस रुपये भाव असेल, तर बेदाण्याला एकशे वीस मिळूनही शेतकऱ्याच्या हाती मजुरीसाठी काही उरत नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. याच गुंठ्याची ११ फूट रुंद आणि ९९ फूट लांब पट्टी कापली, तरी क्षेत्र १०८९ चौरस फूटच भरते. कुंपणाची तार मात्र पहिल्याला १३२ फूट लागते आणि दुसऱ्याला २२०. क्षेत्रफळ आणि परिमिती यांत गोंधळणाऱ्या मुलाला सूत्रे दहादा लिहायला लावण्यापेक्षा ही दोन शेते दोरीने आखायला लावावीत. भाऊबंदकीच्या वाटणीत पट्टी वाट्याला आलेला भाऊ का कुरकुरतो, हेही त्यातून कळते.

आणि पावसाळ्यात तर या दोन जिल्ह्यांना नदीच गणित घालते. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातील कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. तेथून सोडलेले पाणी कराडला कृष्णेत मिसळते आणि सांगलीकडे निघते. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. हे दोन शब्द या भागातले प्रत्येक मूल ऐकते, पण त्यांचे नाते क्वचितच कोणी मांडून दाखवते. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांनी अब्जाला भागले, की ११,५७४ येतात. म्हणजे सुमारे साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला, तर एक टीएमसी पाणी धरणातून जाते. सातवीतल्या मुलाला जमेल असा हा भागाकार आहे आणि तो केल्यावर बातमीतला विसर्गाचा आकडा नुसता मोठा राहत नाही, मोजता येतो.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते, तेव्हापासून हे आकडे मुलांनाही पाठ आहेत. समजा, रात्री आठ वाजता पातळी ३४ फूट आहे आणि दहा वाजता ३५. चाळीस केव्हा होईल? तासाला अर्धा फूट, पाच फुटांना दहा तास, म्हणजे सकाळी आठ. त्रैराशिक येणारे मूल एवढे सांगेल आणि पुस्तकातले उदाहरण येथे संपेल. बारा वाजता मात्र पातळी ३५ फूट ९ इंच निघते. दोन तासांत बाराऐवजी नऊच इंच वाढले. उरले ४ फूट ३ इंच, म्हणजे ५१ इंच. तासाला साडेचार इंच या वेगाने सव्वाअकरा तासांहून थोडे अधिक. सकाळी आठचा अंदाज अकरा वाजून वीस मिनिटांवर जातो. पाणी तितकेच येत असेल, तरी पात्र जसजसे वर रुंद होत जाते, तसतशी पातळी संथ चढते; वरून विसर्ग वाढवला, तर पुन्हा वेगाने. म्हणून दर दोन तासांनी नवा आकडा घ्यायचा आणि हिशेब पुन्हा मांडायचा.